टोटल लॉस गाडीचा क्लेम: कुठे अडून बसायचं आणि कुठे नाही

गाडी टोटल झाली, म्हणजे दुरुस्त करणं परवडेनासं झालं, की आपल्याकडे पहिला फोन जातो एजंटला, दुसरा नात्यातल्या गॅरेजवाल्याला, आणि मग सुरू होतो बाजारभावाचा वाद. "अशी गाडी आज नागपुरात साडेपाचला जाते अन् कंपनी चार म्हणते." परदेशातले व्हिडिओ पाहून काही जण जुन्या गाड्यांच्या जाहिरातींचे स्क्रीनशॉटही जमवतात. या वादातून एक रुपयाही वाढत नाही. आपल्या देशात गाडीची किंमत अपघातानंतर ठरत नाही. पॉलिसी घेतली त्याच दिवशी ती आयडीव्ही (इन्शुअर्ड डिक्लेअर्ड व्हॅल्यू, विम्यात जाहीर केलेली किंमत) म्हणून छापली जाते आणि पॉलिसीचं वर्ष संपेपर्यंत तोच तिचा बाजारभाव धरला जातो.

घासाघीस करायला जागा आहे, पण ती दुसरीकडे: गाडी टोटल धरायची की दुरुस्त करायची, भंगाराची किंमत किती लावायची, कोणत्या वजावटी करायच्या, आणि हे सगळं किती दिवसांत. लोक जिथे जागा नाही तिथे महिनाभर भांडतात आणि जिथे आहे तिथे मुकाट्याने सही करतात. पुढचे टप्पे क्रमानेच करा. चौथ्या टप्प्यावर अडायचं असेल तर दुसऱ्या टप्प्यातले फोटो हातात लागतात.

## टप्पा १: पॉलिसीची प्रिंट काढा

मोबाइलवरच्या पीडीएफवर काम होत नाही. तालुक्याला गेलात की झेरॉक्सच्या दुकानातून पूर्ण पॉलिसी, अटींच्या पानांसकट, छापून आणा आणि या गोष्टींवर पेनाने गोल करा.

आयडीव्ही. गाडी बनवणाऱ्या कंपनीची त्या मॉडेलची विक्री किंमत, त्यातून वयाप्रमाणे घसारा वजा. नेहमीचं कोष्टक असं: ६ महिन्यांपर्यंत ५ टक्के, १ वर्षापर्यंत १५, २ वर्षांपर्यंत २०, ३ पर्यंत ३०, ४ पर्यंत ४० आणि ५ वर्षांपर्यंत ५० टक्के. ५ वर्षांच्या वर गाडी गेली की आयडीव्ही कंपनी आणि मालक यांच्या संमतीने ठरते. ही संमती म्हणजे प्रत्यक्षात काय, तर नूतनीकरण करताना प्रीमियमचे सात-आठशे रुपये वाचवायला एजंटने आयडीव्ही खाली ओढलेली असते आणि आपण "हो" म्हटलेलं असतं. अपघात झाल्यावर ते परत वर चढत नाही. ज्यांची गाडी अजून धड आहे त्यांनी पुढच्या नूतनीकरणाला एवढा एक आकडा तरी स्वतः पाहावा.

वजावट. सक्तीची वजावट खासगी गाडीला १५०० सीसीपर्यंत १,००० रुपये आणि त्यावर २,००० रुपये असते. ऐच्छिक वजावट वेगळी. प्रीमियम कमी करायला कोणी ती घेतली असेल तर तेवढे पैसे क्लेममधून जाणारच.

जोड संरक्षण. झिरो डेप (पार्टवरचा घसारा न कापणारं), इंजिन प्रोटेक्ट (इंजिनाच्या नुकसानीचं), रिटर्न टू इनव्हॉइस. शेवटचं असेल तर चित्रच पालटतं, कारण आयडीव्हीऐवजी खरेदीचं बिल हिशेबाला येतं आणि त्यात नोंदणी व रोड टॅक्सही धरला जातो. शोरूममधून पॉलिसी घेतलेल्या पुष्कळांकडे ते असतं आणि त्यांना पत्ताही नसतो.

नाव. आरसी आणि पॉलिसी एकाच नावावर आहे का? मामेभावाकडून गाडी घेतली, आरसी नावावर केली, पॉलिसी मात्र त्याच्याच नावावर राहिली, हे गावोगाव दिसतं. गाडी विकली की थर्ड पार्टीचा विमा आपोआप नव्या मालकाकडे जातो. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा जात नाही. त्यासाठी हस्तांतरणापासून १४ दिवसांत कंपनीकडे अर्ज लागतो. तो नसेल तर क्लेम बहुधा उभाच राहत नाही, आणि ही गोष्ट पुढचा खर्च करण्याआधी कळलेली बरी.

सीएनजी किट. बाहेरून बसवलेलं किट आरसीवर आणि पॉलिसीवर, दोन्हीकडे चढलेलं हवं.

## टप्पा २: जागेवरचे पहिले दोन-तीन तास

माणसं आधी. जखमी असेल तर १०८, पोलीस ११२, राष्ट्रीय महामार्ग असेल तर १०३३. मग गाडी.

क्रेन लागण्याआधी फोटो घ्या. चारी बाजू, नंबर प्लेट, काचेतून किलोमीटरचा आकडा, फुटलेल्या एअरबॅग, खाली सांडलेलं ऑइल, रस्त्यावरच्या ब्रेकच्या खुणा, आणि ज्याला धडकलात ते: झाड, पुलाचा कठडा, मागचे दिवे नसलेली ट्रॉली. रोही किंवा रानडुक्कर आडवं आलं असेल तर जनावराचा फोटो, ते पळून गेलं असेल तर बंपरला चिकटलेले केस आणि रक्त. हा फोटो नसला की "जनावर आडवं आलं" हे नुकसान तपासायला येणाऱ्या सर्व्हेअरच्या कानाला ठरीव उत्तर वाटतं.

त्याच वेळी गाडीत शाबूत काय आहे तेही टिपा: बॅटरी, स्टेपनीसह पाच टायर, म्युझिक सिस्टिम, सायलेन्सर. टप्पा ६ मध्ये याची किंमत कळेल.

ठाण्यात नोंद करा. कोणी जखमी नसेल आणि दुसऱ्याचं नुकसान नसेल तर प्रत्येक वेळी गुन्हा नोंदवावा लागतो असं नाही, पण स्टेशन डायरीची नोंद आणि जमल्यास घटनास्थळ पंचनामा घ्याच. ठाणेदार "उद्या या" म्हणाले तर तिथेच बसून साधा अर्ज लिहा आणि पोच घ्या.

पुराच्या पाण्यात गाडी गेली असेल तर पंचनाम्यासाठी तलाठ्याला कळवा आणि त्या दिवसाचा आपल्या महसूल मंडळाचा पावसाचा आकडा काढून ठेवा. २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस म्हणजे अतिवृष्टी, आणि हा आकडा मंडळनिहाय मिळतो. "नाल्याला पूर होता" या तुमच्या सांगण्याला तो कागद जोड देतो.

> थांबा: पाण्यातून काढलेल्या गाडीला सेल मारू नका. एकदाही नाही. इंजिनात पाणी असताना सेल मारला की कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि मग कंपनी म्हणते की नुकसान पुराने नाही, सुरू केल्याने झालं. इंजिन प्रोटेक्ट नसेल तर इंजिनाचा पूर्ण खर्च हिशेबातून बाहेर जातो आणि गाडी टोटल ठरवणारी ७५ टक्क्यांची रेघ (टप्पा ४) ओलांडतच नाही.

> थांबा: चालवणारा बदलू नका. लायसन्स नसलेल्या पोराच्या जागी मोठ्या भावाचं नाव द्यायचा सल्ला गर्दीतलं कोणी ना कोणी देतंच. दवाखान्याच्या कागदावर जखमी कोण, मोबाइल कुठे होता, ढाब्यावरच्या कॅमेऱ्यात कोण दिसतं, हे सगळं तपासलं जातं. खोटं नाव निघालं की अख्खा क्लेम जातो.

## टप्पा ३: क्लेम नोंदवा, गाडी एकाच ठिकाणी न्या

कळवायला उशीर नको. त्याच दिवशी टोल फ्री नंबरवर क्लेम नोंदवा, क्लेम क्रमांक घ्या आणि तोच मजकूर ईमेलने पाठवा. "एजंटला सांगितलं होतं" हा पुरावा होत नाही.

गाडी हलवण्याआधी विचारा: जागेवर सर्व्हे करणार का? नाही म्हणाले तर त्यांचा तो निरोप जपून ठेवा आणि मग टोचन लावा. खासगी गाडीच्या नेहमीच्या पॉलिसीत गाडी जवळच्या गॅरेजपर्यंत न्यायला १,५०० रुपयांपर्यंतच खर्च मिळतो. धारणीहून अमरावती किंवा सिरोंच्याहून चंद्रपूर, या पल्ल्याला तेवढ्यात काही होत नाही. म्हणून रोडसाइड असिस्टन्स घेतलेला आहे का ते आधी पाहा, आणि क्रेनवाल्याकडून छापील बिलच घ्या.

गॅरेज कोणतं? टोटल होण्याची शक्यता असलेली गाडी फाट्यावरच्या ओळखीच्या डेंटरकडे नेऊ नका. तो प्रामाणिक असेल, कामातही पक्का असेल, पण त्याच्या वहीतल्या अंदाजाला सर्व्हेअर मोजत नाही. पार्ट क्रमांक आणि जीएसटीसह छापील एस्टिमेट देणारं अधिकृत वर्कशॉप हवं. यवतमाळ, अकोला, अमरावती, चंद्रपूर, नागपूर, जिथे तुमच्या गाडीच्या कंपनीचं असेल तिथे.

> तपासा: गाडी आत घेताना वर्कशॉपकडून दोन गोष्टी लेखी घ्या. एस्टिमेटचे पैसे किती, आणि दुरुस्ती झाली नाही तर पार्किंगचं रोजचं भाडं किती व कधीपासून. टोटल लॉसच्या गाड्या महिनोन्‌महिने पडून राहतात आणि शेवटी हे बिल मालकाच्या गळ्यात येतं.

## टप्पा ४: सर्व्हे. खरी लढाई इथे

सर्व्हेअर कंपनीचा नोकर नसतो. तो परवानाधारक असतो आणि नेमणूक मात्र कंपनी करते. त्याच्याशी वाकडं घेऊन काही साधत नाही. पण "साहेब, तुम्ही म्हणाल तसं" म्हणत मागे फिरणंही महागात पडतं.

नियम असा: गाडी काढण्याचा आणि दुरुस्तीचा मिळून खर्च, पॉलिसीच्या अटींना धरून, आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला तर गाडी टोटल लॉस. लोक ७५ टक्के वाचतात आणि "पॉलिसीच्या अटींना धरून" हे शब्द सोडून देतात. सगळी मेख तिथे आहे. अटींना धरून म्हणजे घसारा कापून. वर्कशॉपचं एस्टिमेट आयडीव्हीहून मोठं असलं तरी सर्व्हेअरच्या कागदावर गाडी दुरुस्तीत बसू शकते.

एक गाडी घेऊ. वय ६ वर्षं, १२०० सीसी, आयडीव्ही ४,००,०००. त्याचे ७५ टक्के म्हणजे ३,००,०००. एस्टिमेट जीएसटी धरून ४,१०,०००. त्याची फोड:

- लोखंडी पार्ट २,२०,०००. ५ ते १० वर्षांच्या गाडीला घसारा ४० टक्के. उरले १,३२,०००.
- प्लास्टिक, रबर, एअरबॅग ९०,०००. घसारा ५० टक्के, गाडी कितीही नवी असो. उरले ४५,०००.
- काच २०,०००. घसारा नाही.
- मजुरी ६०,०००. घसारा नाही.
- रंगकाम २०,०००. यातला चौथा हिस्सा रंगाचं साहित्य धरतात आणि त्यावर ५० टक्के. उरले १७,५००.

बेरीज २,७४,५००. तीन लाखांच्या खाली. म्हणजे गाडी "रिपेअर". कंपनी देणार २,७३,५०० आणि तुमच्या खिशातून जाणार १,३६,५००. शिवाय हाती येणार एक जोड लावलेली गाडी, जिचा पुढे बाजारात कोणी भाव करणार नाही.

आता याच गाडीचा समोरचा एप्रन (बॉनेटखालचा आतला पत्रा) आतून दबलेला निघाला आणि त्याचे ५०,००० वाढले, तर घसारा कापून ३०,००० जोडले जातात. बेरीज ३,०४,५००. रेघ ओलांडली. गाडी टोटल. एका लपलेल्या पार्टने हिशेब फिरतो, म्हणून गाडी उघडून पाहण्याआधी निर्णय होऊ देऊ नका.

सर्व्हेअर घाईत असतो. त्याला त्याच दिवशी आणखी दोन तालुके करायचे असतात. बोलणं साधारण असं होतं:

"भाऊ, रिपेअर होऊन जाते गाडी. टोटल कायले करता?"

"करा ना साहेब, पण आधी समोरचं खोलून पाहू. एप्रन अन् गिअरबॉक्सचं माउंटिंग पाहून घ्या, मंग लिहा."

"खोलायचे पैसे कोण देईन?"

"ते मी वर्कशॉपशी बोललो. तुम्ही फक्त ईमेलवर खोलायची परवानगी द्या."

वाद नाही, आवाज नाही, आणि मागणी लेखी परवानगीची. उघडल्यावर निघालेल्या प्रत्येक नुकसानीचा फोटो पार्टच्या नावासह त्याच दिवशी सर्व्हेअर आणि कंपनी दोघांना ईमेल करा. वर्कशॉपकडून पुरवणी एस्टिमेट घ्या.

झिरो डेप असेल तर घसाऱ्याची ही कापाकापी होत नाही आणि वरची गाडी पहिल्याच एस्टिमेटला रेघेच्या पार जाते. "झिरो डेपचा टोटल लॉसला उपयोग नाही" असं सरसकट सांगतात ते अर्धंच खरं. टोटल ठरल्यावर उपयोग नाही, पण टोटल ठरेपर्यंत आहे.

आकडे रेघेच्या आसपास घुटमळत असतील तर एक तिसरी वाटही असते. दुरुस्ती न करता मंजूर रक्कम रोख द्यावी, म्हणजे कॅश लॉस, अशी विनंती करता येते. प्रत्येक कंपनी मानत नाही. मानलीच तर आकडा नीट मोजून घ्या, कारण सोयीच्या नावाखाली तो बराच खाली आणला जातो.

> तपासा: विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या आयआरडीएआयच्या २०२४ च्या नियमांप्रमाणे क्लेम कळवल्यापासून २४ तासांत सर्व्हेअर नेमायचा, १५ दिवसांत त्याचा अहवाल मिळवायचा आणि अहवालानंतर ७ दिवसांत कंपनीने निर्णय द्यायचा. तारखा वहीत लिहा. अहवालाची प्रत मागण्याचा तुम्हाला हक्क आहे, आणि ती मागितल्याशिवाय सहसा कोणी देत नाही.

## टप्पा ५: कंपनीचं पत्र ओळ न ओळ वाचा

टोटल लॉस मान्य झाला की पत्र किंवा ईमेल येतो. त्यात साधारण तीन आकडे असतात: आयडीव्ही, सक्तीची वजावट, भंगाराची किंमत. चौथा आकडा दिसला की थांबा आणि तो कोणत्या कलमाखाली कापला ते विचारा.

अपघाताच्या दिवसापर्यंतचा वेगळा घसारा कापला असेल तर तो चूक आहे. टोटल लॉसमध्ये आयडीव्हीतून आणखी घसारा होत नाही.

"नॉन-स्टँडर्ड", म्हणजे अट मोडल्याने पूर्ण नाही तर कमी रक्कम, म्हणून २५ टक्के कापले असतील तर पॉलिसीची नेमकी कोणती अट मोडली ते लेखी मागा. खासगी पासिंगची गाडी काळी-पिवळीसारखी भाड्याने चालवली, असा आरोप आपल्याकडे वरचेवर होतो, आणि लग्नाला नेलेल्या गाडीत आठ माणसं दिसली की लगेच होतो. शेजारच्या घरची माणसं फुकट नेली असतील तर त्यांचे तसे लेखी जबाब द्या. आणि खरोखर भाडं घेतलं असेल तरीही शून्य रक्कम मुकाट्याने मान्य करू नका. अशाच एका प्रकरणात २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने क्लेम पूर्ण नाकारणं बरोबर नाही असं म्हणत नॉन-स्टँडर्ड तत्त्वाने रक्कम द्यायला लावली.

पीयूसी नव्हतं म्हणून क्लेम बसत नाही, हे कोणी सांगितलं तर ऐकून घेऊ नका. आयआरडीएआयने २०२० मध्येच याचा खुलासा केला आहे.

## टप्पा ६: भंगार

जास्तीत जास्त पैसे इथे गळतात, आणि ते गळतायत हे दिसतही नाही.

वरच्याच गाडीला कंपनी म्हणते: भंगाराची किंमत १,८०,०००. आयडीव्ही ४,००,००० वजा १,००० वजा १,८०,००० म्हणजे आम्ही देऊ २,१९,०००, भंगार तुम्ही विका. हा १,८०,००० आकडा बहुधा ऑनलाइन बोलीतून आलेला असतो. बोली लावणारा पुण्याचा, इंदूरचा, कुठलाही असतो आणि त्याने गाडी फोटोतच पाहिलेली असते. प्रत्यक्ष येऊन तो बॅटरी नाही, टायर झिजलेले, सायलेन्सर गायब अशी यादी काढतो आणि १,२५,००० वर येतो, किंवा येतच नाही. तुमचे ५५,००० गेले. कंपनीचा हिशेब तोवर बंद झालेला असतो.

यावर करायचं ते असं. जिल्ह्याच्या ठिकाणी अपघाती गाड्या घेणारे दोन-तीन खरेदीदार गाठा आणि त्यांच्याकडून लेटरहेडवर भाव घ्या. कंपनीच्या बोलीदाराचं नाव, बोलीची मुदत आणि "जशी आहे, जिथे आहे" या तत्त्वावर घेणार असल्याचं पत्र मागा. मग एकच वाक्य लिहा: तुम्ही धरलेल्या भावाने भंगार तुम्हीच उचला आणि मला आयडीव्ही वजा सक्तीची वजावट अशी पूर्ण रक्कम द्या. भंगार विकायची जबाबदारी विमाधारकावर टाकू नये, असंच आयआरडीएआयच्या २०२४ च्या मास्टर सर्क्युलरचं म्हणणं आहे. बहुतेक वेळा या वाक्यानंतर भंगाराचा भाव खाली येतो किंवा क्रेन येते.

गाडी स्वतःच ठेवायची असेल, सुटे भाग कामाला येतील म्हणून, तर भंगाराचा भाव जितका कमी तितका तुमचा फायदा. पण त्यासाठी पार्ट काढून ठेवून भाव पाडण्याचा उद्योग नको. टप्पा २ मधले फोटो कंपनीकडेही गेलेले असतात.

> थांबा: सेटलमेंट होईपर्यंत गाडीतला एक स्क्रूही काढू नका, आणि वर्कशॉपलाही तसं लेखी कळवा. सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला चांगली किंमत येते आणि पडून असलेल्या गाडीचा तोच सर्वांत आधी नाहीसा होतो.

## टप्पा ७: उत्तर कागदावर द्या

फोनवर दहा वेळा बोललेलं पुढे कुठेच दिसत नाही. ईमेल करा, आणि जवळ शाखा असेल तर तीच प्रिंट देऊन शिक्का घ्या. मजकूर लांबवू नका. असा पुरतो:

> विषय: क्लेम क्र. ……, वाहन क्र. एमएच २९ ……
>
> आपले दि. …… चे पत्र मिळाले. मला पुढील बाबी मान्य नाहीत.
>
> १. भंगाराची किंमत रु. १,८०,००० धरली आहे. सोबत तीन खरेदीदारांचे लेखी भाव जोडले असून सर्वाधिक भाव रु. १,२५,००० आहे. आपली किंमत योग्य वाटत असल्यास आपल्या खरेदीदाराने वाहन उचलावे व मला रु. ३,९९,००० द्यावेत.
>
> २. रु. …… ची वजावट पॉलिसीच्या कोणत्या कलमानुसार केली ते कळवावे.
>
> ३. सर्व्हे अहवालाची व मूल्यांकन तक्त्याची प्रत द्यावी.
>
> विलंब झाल्यास बँक दरापेक्षा २ टक्के अधिक दराने व्याजाची माझी मागणी राहील.

रागाचा एक शब्दही घालू नका. हेच पत्र पुढे विमा लोकपालासमोर (टप्पा १०) जाणार आहे. आणि मागायचा तो आकडा ठामपणे लिहा. "योग्य ती रक्कम द्यावी" असं लिहिलं की योग्य काय ते कंपनीच ठरवते.

## टप्पा ८: फायनान्स, सही, पैसे

गाडीवर कर्ज असेल तर पैसे आधी फायनान्सवाल्याला जातात, उरलेले तुम्हाला. म्हणून क्लेम मंजूर होण्याच्या सुमारास बँकेकडून त्या तारखेपर्यंतचं थकबाकीपत्र काढा आणि त्यात दंड, चेक बाउन्सचे चार्जेस काय लावलेत ते तपासा. बोजा उतरल्याची एनओसी आणि फॉर्म ३५ लगेच मागून घ्या.

> थांबा: गाडी गेली म्हणून हप्ते बंद करू नका. क्लेम लांबला तरी कर्ज चालूच असतं. थकलेल्या हप्त्यांवरचा दंड क्लेमच्या पैशांतून कापला जातो आणि सिबिल बिघडला की पुढचं पीककर्जही अडतं.

डिस्चार्ज व्हाउचरवर "पूर्ण व अंतिम" छापलेलं असतं. रक्कम मान्य नसेल आणि पैशांची निकड असेल तर सहीच्या वर स्वतःच्या हाताने लिहा: "हक्क राखून, निषेधासह स्वीकारले." फोटो काढा. व्हाउचरवर सही केली एवढ्यावरून नाराज विमाधारकाचा पुढचा मार्ग बंद करू नये, असं आयआरडीएआयने २०१५ साली कंपन्यांना बजावलं आहे. तरी हाताने लिहिलेली ती ओळ असलेली बरी.

नव्या गाडीसोबत थर्ड पार्टीचा विमा ३ वर्षांचा येतो. टोटल लॉसनंतर तो रद्द करून उरलेल्या काळाचा परतावा मागता येतो. कोणी आपणहून देत नाही.

## टप्पा ९: आरटीओ. हे राहिलं तर पुढे पोलीस दारात

गाडी कायमची निकामी झाली की मालकाने १४ दिवसांत नोंदणी कार्यालयाला कळवायचं आणि आरसी जमा करायची, असं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ मध्ये आहे. कंपनी आरसी रद्द करून भंगार नेणार असेल तर रद्द झाल्याचा कागद स्वतःकडे ठेवा.

खरेदीदार आरसीसकट गाडी नेत असेल तर जास्त जपा. टोटल गाडीचा चेसिस नंबर चोरीच्या गाडीवर चढवण्याचा धंदा जुना आहे. कोऱ्या फॉर्म २९ आणि ३० वर सही देऊ नका. खरेदीदाराचं नाव, पत्ता, तारीख भरून मगच सही, सोबत त्याच्या आधारची प्रत आणि ताबा पावती, त्यावर वेळसुद्धा. पैसे बँकेतून घ्या. नाव बदललं का हे वाहन पोर्टलवर नंबर टाकून पाहत राहा. हस्तांतर नोंदलं जाईपर्यंत कायद्याच्या नजरेत मालक तुम्हीच असता. त्या गाडीने उद्या कोणाला उडवलं तर भरपाईची नोटीस तुमच्या नावे येते, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नोंदणीकृत मालकालाच जबाबदार धरलं आहे.

## टप्पा १०: ऐकलंच नाही तर

आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल. १४ दिवस वाट पाहा. मग आयआरडीएआयच्या बीमा भरोसा पोर्टलवर किंवा १५५२५५ या नंबरवर तक्रार नोंदवा. बीमा भरोसा न्यायनिवाडा करत नाही, कंपनीला उत्तर द्यायला लावतं. भंगाराच्या भावासारखे वाद पुष्कळदा इथेच मिटतात.

पुढची पायरी विमा लोकपाल. विदर्भाची प्रकरणं पुण्याच्या कार्यालयाकडे येतात, पण पुण्याला जावं लागेलच असं नाही. अर्ज ऑनलाइन होतो आणि सुनावणी व्हिडिओवर घेतली जाते. फी नाही, वकील चालत नाही, मर्यादा ५० लाखांची. कंपनीने उत्तर दिल्यावर किंवा महिनाभर गप्प राहिल्यावर अर्ज करता येतो आणि कंपनीच्या शेवटच्या नकारापासून एक वर्षाच्या आत करायचा असतो. सर्व्हेअरचा अहवाल म्हणजे ब्रह्मवाक्य नाही, तो खोडून काढता येतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २००९ च्या एका निकालात म्हटलं आहे. टप्पा ४ मधले तारखेसह फोटो, पुरवणी एस्टिमेट आणि खरेदीदारांचे भाव इथे लावा.

दुसरी वाट जिल्हा ग्राहक आयोगाची. प्रत्येक जिल्ह्याला आहे, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दावा लावता येतो, आणि कंपनीचं कार्यालय मुंबईला असलं म्हणून तिकडे जावं लागत नाही. भरलेला प्रीमियम ५ लाखांच्या आत असल्याने फी लागत नाही. निकालाला मात्र वेळ लागतो. दोन्हीकडे एकाच वेळी जाता येत नाही. लोकपालाकडे आधी जा, कारण त्याचा निवाडा पटला नाही तर तो न स्वीकारता आयोगाकडे जाता येतं. उलटं होत नाही. आयोगाची मुदत दावा करण्याचं कारण घडल्यापासून २ वर्षांची आहे, आणि लोकपालाकडे गेलेले महिने त्यातून आपोआप वजा होतील असं धरून चालू नका. नकाराच्या पत्रावरची तारीख कॅलेंडरवर लाल पेनाने मांडा आणि दीड वर्षाच्या आत वकिलाला कागद दाखवून ठेवा.